दक्षिण समुद्रातील देवस्थान

देवमासा हा शब्द उच्चारताना त्यातला देव आपल्या कानांपर्यंत पोचत नाही. फार वापरलेल्या शब्दांचे असेच होते; नाण्यावरील मुद्रेप्रमाणे त्यांचा अर्थ झिजतो. मला तो देव प्रथम स्पष्ट ऐकू आला तो ग्रिटविकेन येथे, गंजून तांबड्या झालेल्या लोखंडी टाक्यांच्या रांगेपुढे. साउथ जॉर्जिया बेटावरील ही एके काळची देवमाशांच्या तेलाची वसाहत. नॉर्वेजियन भाषेत तिच्या नावाचा अर्थ काहिलींचा उपसागर असा होतो. सील मारणाऱ्या जुन्या खलाशांनी चरबी कढवण्याच्या काहिली तेथे टाकून दिल्या होत्या, त्या १९०२ साली एका स्वीडिश संशोधकाला दिसल्या आणि त्याने हे नाव दिले. दोन वर्षांनी, १९०४ च्या नोव्हेंबरात, कार्ल अँटोन लार्सन नावाच्या नॉर्वेजियन कप्तानाने तेथे कारखाना उभारला. १९०४ पासून १९६५ पर्यंत या एका बेटावर १,७५,२५० देवमासे कापून त्यांचे तेल काढण्यात आले. त्या तेलाची साबणे झाली, कृत्रिम लोणी झाले, यंत्रांना वंगण झाले. ज्याला आपल्या पूर्वजांनी देवाचे नाव दिले, त्याची जगाने अशी पूजा बांधली.

२०२४ च्या नोव्हेंबरात एका लहानशा जहाजातून या बेटाचे दर्शन मला घडले. हे जहाज व्यापारी नव्हे आणि चैनीचेही नव्हे. वन्य जीव पाहण्यासाठी दूरच्या बेटांवर माणसांना नेऊन आणणे एवढाच त्याचा उद्योग. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उश्वाया बंदरातून निघायचे, फॉकलंड बेटांना वळसा घालायचा आणि पुढे सुमारे दोन दिवस नुसता समुद्र. त्या दोन दिवसांत एका विशिष्ट पट्ट्यात पाण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी एकाएकी उतरते, धुके दाटते, आणि पक्ष्यांची संख्या वाढते. उत्तरेचे कोमट व दक्षिणेचे थंड पाणी जेथे भेटते तो हा संगम. त्याच्या पलीकडच्या थंड पाण्यात क्रिल नावाचा कोळंबीसारखा बारीक जीव अमाप वाढतो, आणि त्याच्या आधाराने पेंग्विनपासून देवमाशापर्यंत सर्वांचा संसार चालतो. बेट सुमारे १७० किलोमीटर लांब. अर्ध्याहून अधिक भाग कायम बर्फाखाली. माउंट पॅजेट हे शिखर २,९३५ मीटरांचे. समुद्रातून एकदम हिमालय वर यावा तसे ते धुक्यातून दिसले, आणि डेकवर बडबडणारी मंडळी गप्प झाली.

मी व्यवसायाने वकील. आयुष्यातील बरीच वर्षे देवस्थानांच्या दाव्यांत गेली आहेत, म्हणून कोणत्याही जमिनीवर पाय ठेवताना तिचा धनी कोण हा प्रश्न मनात आधी उठतो. साउथ जॉर्जियाच्या बाबतीत हा प्रश्न सोपा नाही. १७७५ च्या जानेवारीत कप्तान जेम्स कुक याने येथे उतरून तिसऱ्या जॉर्ज राजाच्या नावे बेटाचा ताबा घेतला. किनारा चाचपीत दक्षिण टोकाशी आल्यावर त्याला कळून चुकले की हे दक्षिणेचे महाखंड नसून केवळ एक बेट आहे. त्याने त्या टोकाला निराशेचे भूशिर असे नाव ठेवले. परंतु येथे सील विपुल आहेत असेही त्याने नमूद केले, आणि पुढील अनर्थाचे बीज त्या नोंदीत आहे. १८००-०१ या एका हंगामात फॅनिंग नावाच्या अमेरिकन कप्तानाने ५७,००० फर-सीलांची कातडी नेली. १८२५ मध्ये जेम्स वेडेल याने हिशेब मांडला तेव्हा बेटावरून गेलेल्या कातड्यांचा आकडा बारा लाखांवर पोचला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी या जातीचे नाव उरते की नाही अशी स्थिती होती.

बेट ब्रिटनच्या ताब्यात आहे आणि अर्जेंटिना त्यावर हक्क सांगतो. १९८२ च्या मार्चमध्ये लीथ बंदरातील ओसाड कारखान्याचे भंगार उचलण्यास आलेल्या अर्जेंटिनाच्या कामगारांनी आपल्या देशाचे निशाण उभारले; एप्रिलच्या आरंभी सैन्य उतरले; महिनाअखेर ब्रिटिशांनी बेट परत घेतले. देवमाशांच्या हत्येसाठी उभारलेल्या लोखंडाच्या मोडीवरून दोन राष्ट्रे रणात उतरली! तेथे उभा असताना मला आमच्याकडील काही दाव्यांची आठवण आल्यावाचून राहिली नाही. पालखीचा पहिला मान कोणाचा, तिजोरीच्या किल्ल्या कोणत्या घराण्याकडे, यावर दोन दोन पिढ्या झगडतात. कागदांची गाठोडी वाढतात. आणि गाभाऱ्यात ज्याच्या नावाने हे सर्व चालले आहे त्याला कोणी विचारीत नाही.

आपल्याकडील कायद्याने मात्र त्याला विचारण्याची एक सोय केली आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिच्या नावे मालमत्ता असते, ती फिर्याद करू शकते. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक कुटुंबाचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. घरचे दैवत आपल्या पाळीच्या वेळी दुसऱ्या वास्तूत हलवावे की नाही असा तो वाद होता. न्यायमूर्तींनी सांगितले की दैवत ही कुटुंबाची जंगम चीजवस्तू नव्हे. स्थानाविषयी त्याच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा प्रतिनिधी नेमला पाहिजे. देव बोलत नाही, म्हणून त्याचे हक्क सांभाळताना न्यायालये त्याला बहुधा अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या मुलासारखे, मानतात. त्याच्या वतीने कारभार पाहणारा तो वहिवाटदार. वहिवाटदार मालक नव्हे. देवाचे उत्पन्न त्याच्या हातातून जाते, पण ते त्याचे नसते. २०१७ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने हाच धागा पकडून गंगा व यमुना यांना व्यक्ती ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्या निकालाला स्थगिती दिली. न्यूझीलंडमध्ये मात्र वांगानुई नदीला २०१७ च्या कायद्याने असे व्यक्तित्व मिळाले आहे.

साउथ जॉर्जियाला असे व्यक्तित्व कोणी दिलेले नाही. तथापि तेथील कारभार पाहून मला वाटले की हे राज्य नव्हे, देवस्थान आहे. कायमचा रहिवासी एकही नाही. मूठभर अधिकारी व शास्त्रज्ञ पाळीपाळीने येऊन राहतात. उत्पन्नाच्या बाबी तीन: मासेमारीचे परवाने, आमच्यासारख्यांकडून घेतलेली पट्टी आणि टपालाची तिकिटे. आणि नियम! पाचशेहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या जहाजाला माणसे उतरवण्याची परवानगीच नाही. एका वेळी किनाऱ्यावर शंभरांहून अधिक प्रवासी नकोत. प्राण्यांपासून निदान पाच मीटर दूर राहायचे. जमिनीवर बसायचे नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही. खाण्याचा कणही बरोबर नको, आणि तेथला खडा, पीस, हाड यांपैकी काही उचलायचे नाही.

किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी अर्धा दिवस तपासणीत गेला. बुटांच्या तळव्यांच्या खाचा सुईने कोरल्या, खिसे उलटे करून यंत्राने धूळ ओढून घेतली, अंगरख्यांच्या पट्ट्यांतील धागा न् धागा चिमट्याने विंचरला. एका सहप्रवाशाच्या मोज्यातून गवताचे एक कुसळ निघाले तेव्हा जणू चोरीचा माल सापडला. कारण उघड आहे. त्या कुसळातून एक परके गवत रुजले तर ते उपटण्यास कित्येक वर्षे लागतील. जहाजाच्या शिडीशी गुलाबी रंगाच्या जंतुनाशक पाण्याची पराते मांडलेली होती आणि प्रत्येकाचे बूट घासून घेण्याचे काम एका मध्यमवयीन खलाशाकडे होते. माझे नाव यादीत वाचून त्याने विचारले, "बाब, तुमी गोंयचे मरे?" तो सासष्टीचा निघाला. जगातील कोणत्याही समुद्रावर जा, जहाजाच्या पोटात कोठेतरी एक गोंयचा तारवटी असतोच. ब्रश माझ्या हाती देत तो म्हणाला, "हांगा वतनाय पांय धुवपाचे, परततनाय धुवपाचे."

देवळात आपण जाताना पाय धुतो. परतताना धुवत नाही. मी त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला. आपल्या सोवळ्याओवळ्यात पुढे माणसामाणसांतील भेद शिरला आणि त्याचा आपण योग्य तो धिक्कार केला. पण त्याच्या मुळाशी एक जुना, स्वच्छ विचार असावा: आपण जेथे जातो तेथे आपल्याबरोबर आपले काहीतरी जाते, आणि ते तेथे नको असू शकते. साउथ जॉर्जियावर हा विचार शब्दशः खरा आहे. आणि परततानाचे धुणे अशासाठी की या किनाऱ्याचा रोग उद्याच्या किनाऱ्यावर जाऊ नये. त्यात आपल्या पावित्र्याचा प्रश्नच नाही.

सेंट अँड्र्यूज उपसागराच्या किनाऱ्यावर किंग पेंग्विनांच्या सुमारे दीड लाख जोड्या राहतात. हा आकडा मी जहाजावर ऐकला होता, पण आकड्याला वास नसतो आणि आवाजही नसतो. टेकाडावरून पाहिले तर हिमनदीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत केवळ पक्षी. पाठ राखी, पोट पांढरे, मानेवर केशराचा ठिपका. त्यांच्यामध्ये मागील वर्षीची पिल्ले गडद तपकिरी घोंगडी पांघरून उभी होती, आईबापांएवढीच उंच आणि अगदी वेगळी. इतकी, की जुन्या प्रवाशांना ती निराळीच जात वाटली होती. किंग पेंग्विन घरटे बांधीत नाही. एकच अंडे पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीची घडी त्यावर ओढून, नर आणि मादी आळीपाळीने सुमारे चौपन्न दिवस उभे राहतात. पिलाच्या पालनपोषणासह एक फेरा वर्षाहून बराच लांबतो, म्हणून तीन वर्षांत फार तर दोन पिल्ले. हिवाळ्यात पिल्ले कळप करून थंडी काढतात आणि त्यांना घास फार दिवसांनी मिळतो. समुद्रावरून परतलेले आईबाप त्या कोलाहलात उभे राहून हाक देतात, आणि हजारोंतून एकच पिल्लू धावत येते. चेहऱ्यावरून नव्हे, आवाजावरून ओळख पटते. आमच्या जत्रेत हरवलेल्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारावे लागते. येथे ध्वनिक्षेपकही नाही.

पाच मीटरांचा नियम आम्हांला बांधून होता, पेंग्विनांना नव्हता. मी उभा होतो तेथे एक पक्षी आपणहून चालत आला, हातभर अंतरावर थांबला, माझ्या बुटांकडे पाहिले, मान वाकडी करून पुन्हा पाहिले, आणि मी काही कामाचा नाही असे ठरवून वाटेला लागला. मागे सरायला जागा नव्हती, कारण मागेही पक्षीच होते. भीती म्हणून त्याच्या ठायी नव्हती. गेली दोन शतके माणसाने या किनाऱ्यावर काय केले हे तेथल्या टाक्या सांगतात. हे अभय त्यानंतरचे आहे. अभयदान आपण मोठे दान मानतो. येथे ते कोणी कोणाला दिले, याचे उत्तर मला सुचेना.

प्रायन बेटाचे दार आम्हांला बंद होते. भटक्या आल्बट्रॉसची घरटी तेथे आहेत, पंखांचा विस्तार तीन मीटरांहून अधिक असलेल्या त्या महापक्ष्याची, जो दोन वर्षांतून एकच अंडे घालतो. परंतु २० नोव्हेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्याअखेरपर्यंत फर-सीलांच्या विणीसाठी ते बेट बंद असते. काही सहप्रवासी नाराज झाले. इतके पैसे मोजून आलो, असे एकजण म्हणालाही. मला मात्र ते बंद दार फार आवडले. आपल्या कोकणातील आणि सत्तरीतील देवरायांत कोयता चालत नाही. काही राया अशा की पायताण घालूनही जात नाहीत. ज्या ठिकाणी आपल्याला प्रवेश नाही असे एखादे ठिकाण असणे ही माणसाच्या प्रकृतीला हितकर गोष्ट आहे. आल्बट्रॉस शेवटी समुद्रावरच दिसला. एक संपूर्ण दुपार तो जहाजामागे पंख न हलवता तरंगत होता. त्याचे दुःख असे की बेटाभोवतीच्या पाण्यात लांब दोरांच्या मासेमारीवर कडक निर्बंध आहेत: हंगाम हिवाळ्यातच, दोर रात्रीच टाकायचे, त्यांना वजने बांधायची. त्यामुळे तेथे गळाला लागून मरणारे पक्षी जवळजवळ नाहीसे झाले. पण तो अन्नासाठी हजारो किलोमीटर जातो, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत, आणि वहिवाटदाराचे अधिकारक्षेत्र तेथवर पोचत नाही. त्याची संख्या अजून घटतेच आहे.

शॅकल्टनची समाधी ग्रिटविकेनला आहे. १९१६ साली तो दोन सोबत्यांसह हे बेट ओलांडून आला, १९२२ च्या जानेवारीत येथेच वारला. प्रवासी त्याच्या थडग्यावर व्हिस्कीचा घोट वाहतात. आमच्या राखणदाराला रोट आणि सोरो ठेवणाऱ्या गोमंतकीयाला यात नवल वाटू नये.

आता एक अवघड गोष्ट. जहाजांतून पूर्वी आलेल्या उंदरांनी या बेटावर जमिनीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले दोन शतके खाल्ली. पिपिट नावाचे चिमणीएवढे पाखरू, जगातील सर्वांत दक्षिणेचे गाणारे पाखरू, केवळ उंदीर नसलेल्या कोपऱ्यांत उरले होते. हिमनद्या आटू लागल्या तसे उंदरांना अडवणारे बर्फाचे बांध फुटू लागले. तेव्हा एका स्कॉटिश न्यासाने २०११ ते २०१५ या काळात तीन मोहिमांत हेलिकॉप्टरमधून विषारी दाणे टाकून सारे उंदीर मारले, आणि २०१८ साली बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. १९११ मध्ये शिकारीसाठी आणलेली रेनडियर हरणे वाढत वाढत सहा हजारांवर गेली होती. तीही याच सुमारास मारली गेली. विषाने काही स्थानिक पक्षीही मेले. गणपतीचे वाहन म्हणून ज्याच्या मूर्तीपुढे आपण मोदक ठेवतो त्याची ही कत्तल ऐकताना माझ्या मनाचे दोन पक्ष झाले. उंदीर स्वतः पोहत आला नव्हता. त्याला आणणारा माणूस. अपराध एकाचा, शिक्षा दुसऱ्याला. तरीही न्यायासनावर मी असतो तर मोहिमेच्या बाजूनेच निकाल दिला असता. वहिवाटदाराने डोळे मिटून घेतले असते तर पिपिट संपला असता. मात्र त्या निकालपत्रात अहिंसा हा शब्द मी कोठेही घातला नसता. ती हिंसाच होती, आवश्यक होती, आणि तिचे पाप आणणाऱ्यांच्या व मारणाऱ्यांच्या खात्यावर सारखेच राहील. ग्रिटविकेनच्या दफनभूमीजवळ मी पिपिटाचे गाणे ऐकले. ते विशेष गोड नाही. दहा वर्षांपूर्वी ते तेथे ऐकू येणे दुरापास्त होते.

आणि इतका बंदोबस्त करूनही २०२३ च्या ऑक्टोबरात पक्ष्यांचा तापरोग बेटावर आलाच. तो जहाजाने आला नाही, परातीतल्या पाण्याला भ्याला नाही. उडत्या पक्ष्यांबरोबर आला. सर्वांत मोठा घाव हत्ती-सीलांवर बसला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तीन सर्वांत मोठ्या किनाऱ्यांवर विणीच्या माद्या २०२२ च्या तुलनेत २०२४ मध्ये जवळजवळ निम्म्यांवर आल्या. आम्ही पाहिला तो किनारा मला भरलेला वाटला होता. अनुभवी मार्गदर्शक मात्र वाळूकडे पाहत होते, जेथे काही नव्हते तेथे.

एक आक्षेप वाचकांच्या मनात आला असेल, आणि तो बिनतोड आहे. हजारो किलोमीटर विमानाने आणि मग तेल जाळीत जहाजाने जाऊन निसर्गाचे दर्शन घेणे ही कोठली भक्ती? मोज्यांतील कुसळे आम्ही चिमट्याने शोधीत होतो आणि मुसळ धुराड्यातून राजरोस बाहेर पडत होते. त्याच धुराने हिमनद्या आटतात. याला माझ्यापाशी बचाव नाही. येणाऱ्यांच्या पट्टीवर बेटाचा कारभार काही अंशी चालतो आणि परत गेलेल्यांपैकी काहीजण न्यासाला देणगी देतात, हे खरे. पण हे परिस्थितिजन्य म्हणणे आहे, निर्दोषत्व नव्हे. ज्यांना तेथे जाणे जमणार नाही त्यांनी यत्किंचित हळहळू नये. देवमासे मात्र आपल्या पायांनी, म्हणजे शेपटीने, परत येत आहेत. ज्या पाण्यात निळा देवमासा जवळजवळ संपला होता तेथे २०२० च्या पाहणीत ५५ दिसले. १,७५,२५० च्या हिशेबात ५५ ही रक्कम काय, असे कोणी म्हणेल. कर्जाच्या दाव्यांत मी पाहिले आहे की पहिला हप्ता नेहमी लहानच असतो.

बेट सोडले त्या रात्री जहाजावरील सारे पडदे ओढून घेतले होते आणि बाहेरचे दिवे मालवले होते. उजेडाला भुलून समुद्रपक्षी जहाजावर आदळतात म्हणून हा तेथील शिरस्ता. तरीही धुक्यात एक प्रायन, मुठीत मावेल एवढे निळसर राखी पाखरू, डेकवर येऊन पडले. मार्गदर्शकाने हातमोजे घालून ते उचलले, कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले, आणि खोके आमच्या सासष्टीकराच्या हवाली केले. झाकणाला भोके होती, आत काही हालचाल ऐकू येते का म्हणून मी कान लावू लागलो, तसा तो हळूच म्हणाला, "न्हिदूं दी ताका, बाब. फांतोडेर सोडुया." पहाटे साडेतीनच्या सुमारास, उजाडण्यापूर्वी, त्याने जहाजाच्या वाऱ्याआडच्या बाजूला जाऊन झाकण उघडले. काही वेळ काहीच झाले नाही. मग खोके हलके झाले असे तो म्हणाला. काळोखात मला काही दिसले नाही.